हरलात की घरी

परदेशातून : मॅडिसन, विस्कॉन्सिन

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्याकडे नेहमीची चर्चा रंगली. बक्षीस किती, नोकरी कुठल्या पदाची, अमक्या खेळाला एवढं तर तमक्याला एवढंच का. त्याच वर्षी जानेवारीत प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली खो-खोचा पहिला विश्वचषक आला, तेव्हाही हेच. मधल्या काळात दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण आणि बोगस प्रमाणपत्रं यांवर वाद चालूच असतात. हे सगळे वाद पदक मिळाल्यानंतरचे आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या साध्या महाविद्यालयाच्या संघातली मुलगी वर्षाला किती सामने खेळते, हा प्रश्न त्यांत येत नाही.

त्याचं उत्तर कागदावर काढता येतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीने होते. सोळा संघ आले तर एकूण सामने पंधरा. आठ संघ एकेक सामना खेळून परत जातात, चार संघांना दोन मिळतात, दोन संघांना तीन आणि अंतिम फेरीतल्या दोघांना चार. म्हणजे निम्म्या मुलींचा ‘हंगाम’ एका सकाळी आटोपतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या शालेय पायऱ्याही तशाच. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत साखळी असते, पण ती शेवटच्या चार संघांपुरती. ज्यांना सामन्यांची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच सर्वांत कमी मिळतात.

आता इथला हिशेब. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा महिला आइस हॉकी संघ २०२४-२५ च्या हंगामात ४१ सामने खेळला. ३८ जिंकले, एक हरला, दोन बरोबरीत सुटले. राष्ट्रीय विजेतेपद मिळालं, त्यांचं आठवं. पण विजेत्यांचं सोडा. त्यांच्या परिषदेत (परिषद म्हणजे आठ विद्यापीठांची साखळी) प्रत्येक संघ उरलेल्या सात संघांशी चार-चार सामने खेळतो. अठ्ठावीस सामने. शेवटून पहिला येणारा संघही अठ्ठावीस खेळतो.

हे सामने जोडीने होतात : शुक्रवारी एक, शनिवारी त्याच संघाशी त्याच रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) दुसरा. बाहेरून हे प्रवासखर्च वाचवण्यासाठी वाटतं आणि तो वाचतोही. मॅडिसनहून परिषदेतल्या दुसऱ्या संघाच्या गावी, डुलुथला, बसने पाच तास लागतात. पण खरा फायदा शनिवारचा आहे. समजा शुक्रवारी प्रतिस्पर्ध्याची एक खेळाडू दोन मिनिटांसाठी शिक्षेवर गेली, आपण पाच आणि त्या चार, तरी गोल झाला नाही. रात्री चित्रफीत बघितली की कारण दिसतं. निळ्या रेषेजवळून मारलेला प्रत्येक फटका समोरची खेळाडू गुडघा टेकून अडवते आहे, कारण फटका मारण्याआधी पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) अर्धा सेकंद जास्त थांबतो आहे. शनिवारी आपली फटका मारणारी खेळाडू पक थांबवत नाही, फटक्याचा आव आणून बाजूला देते, गुडघा टेकलेली खेळाडू उठेपर्यंत जागा मोकळी होते. चूक आणि दुरुस्ती यांत वीस-बावीस तासांचं अंतर. बाद पद्धतीत हे अंतर एका वर्षाचं असतं, आणि तोवर ती मुलगी कदाचित महाविद्यालयातून बाहेर पडलेली असते.

साखळीचे गुणही विचार करून ठेवलेले आहेत. साठ मिनिटांत जिंकलात तर तीन. बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ, त्यात दोन्ही बाजूंनी तीन-तीनच खेळाडू. तिथे जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्यालाही एक. दुबळ्या संघाने बलाढ्य संघाला साठ मिनिटं रोखून धरलं तर त्याचं काहीतरी तक्त्यात उमटतं. खेळाडूंच्या वेळेवरही मर्यादा आहे : आठवड्याला सरावाचे, व्यायामाचे आणि बैठकांचे मिळून वीस तास, दिवसाला चार, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तासांचा धरतात, ही यातली पळवाट. बसचे तास मोजतच नाहीत, ही दुसरी.

बर्फाचं थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे आइस हॉकी म्हणजे ‘बर्फावरची हॉकी’ एवढ्यावर थांबतात. रिंकवरचा बर्फ जेमतेम तीन सेंटिमीटर जाड असतो. खाली काँक्रीट, त्यात गार द्रावण फिरवणाऱ्या नळ्या. पृष्ठभाग शून्याखाली पाचेक अंश. वीस मिनिटांच्या एका सत्रात स्केटच्या पात्यांनी त्याचा भुगा होतो, पक उड्या मारायला लागतो. मग मध्यंतरात मोठं यंत्र फिरतं. ते वरचा पातळ थर तासतं, खाचा धुतं आणि मागे ओल्या फडक्यातून गरम पाणी पसरत जातं. गरमच, कारण ते वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं आणि त्यात विरघळलेली हवा कमी असते. गार पाण्याचा थर ठिसूळ बसतो. पाणी जास्त पडलं तर सत्र सुरू होताना बर्फ ओला राहतो आणि पक चिकटतो. कडेच्या फळ्यांपर्यंत यंत्राचं पातं पोचत नाही, म्हणून तिथे बर्फ चढत जातो. तो वेगळ्या छोट्या यंत्राने कापला नाही तर कडेला पक वेडावाकडा उसळतो आणि शिव्या गोलरक्षकाला बसतात.

स्केटचं पातंही सरळ धारेचं नसतं. खालून त्याला पन्हळीसारखी खाच असते आणि तिच्या दोन्ही कडा म्हणजे धार. ही पन्हळ अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची ठेवली तर बर्फात चांगली रुतते, वळणं कडक घेता येतात. पाच अष्टमांश इंच ठेवली तर रुतणं कमी, घसरणं जास्त, दम कमी लागतो. बर्फ मऊ असेल तर उथळ पन्हळ बरी, कडक असेल तर खोल. दुसऱ्या गावच्या रिंकवर पहिल्या सत्रात चांगल्या खेळाडू वळताना घसरतात, त्याचं कारण बहुधा इथे असतं. आणि आवरणं न चढवता चार पावलं काँक्रीटवर चाललं की धार गेलीच. हे सांभाळायला संघासोबत पूर्णवेळ साहित्यिक असतो (आपल्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा, पण साहित्य सांभाळणाऱ्याला दुसरं काय म्हणावं!).

एवढ्या सगळ्याचं टोक म्हणजे मार्च २०२५ मधला राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना, मिनियापोलिसच्या रिडर अरीनात. महाविद्यालयीन महिला हॉकीसाठीच म्हणून अमेरिकेत बांधलेलं हे पहिलं रिंक, २००२ चं. प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट विद्यापीठ ३-२ ने पुढे, घड्याळात काही सेकंद उरलेले. गोलपुढच्या निळ्या अर्धवर्तुळात झुंबड झाली आणि पक ओहायोच्या एका खेळाडूच्या हाताखाली दबला. गोलरक्षकाखेरीज कुणी त्या जागेत पक हाताने झाकला तर पेनल्टी शॉट मिळतो. पंचांच्या नजरेतून ते सुटलं होतं. विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन यांनी दाद मागितली, चित्रफीत तपासली गेली, शॉट मिळाला. कर्स्टन सिम्सने १८.९ सेकंद असताना बरोबरी साधली आणि जादा वेळेत तिनेच चौथा गोल केला. जॉन्सन म्हणजे १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी संघातले. त्या सामन्यात त्यांचे दोन गोल होते. २००२ पासून ते या मुलींना शिकवत आहेत. नियमाचा असा कोपरा ऐन वेळी आठवणं ही बुद्धीची कमाल म्हणतील काही जण. मला ती चाळीस-चाळीस सामन्यांच्या हंगामांतून लागलेली सवय वाटते.

इथवर वाचून ‘बघा अमेरिका’ म्हणणाऱ्यांसाठी उरलेलं अर्धं. हा संघ तिकिटांवर चालत नाही. मुलींचं घरचं रिंक, लाबान अरीना, २,२७३ आसनांचं आहे. २०१७ मध्ये शेजारच्या मोठ्या कोल सेंटरमध्ये एका सामन्याला १५,३५९ माणसं आली, पण तो ठरवून केलेला उत्सव होता. खर्च भागतो तो बऱ्याच अंशी पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलच्या पैशातून. आणि तो पैसा मुलींपर्यंत पोचतो तो १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे. केंद्राचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलामुलींत भेदभाव करता येत नाही, एवढंच तो म्हणतो. खेळांना लावताना विद्यार्थिनींच्या प्रमाणात संधी आहे का, नसेल तर ती वाढवत नेली आहे का, किंवा मुलींची आवड आणि कुवत पुरी होते आहे का, हे पाहिलं जातं. तरीही महिला हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला २००१ उजाडलं. २०२१ पर्यंत त्यात आठपेक्षा जास्त संघ नसायचे, आता अकरा, पुरुषांचे सोळा.

आणि कायदा असूनही कुऱ्हाड पडते. मार्च २०१७ मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाने खर्चकपातीत महिला हॉकी बंद केली, पुरुषांची ठेवली. त्याच विद्यापीठातून खेळलेल्या लामुरू जुळ्या बहिणींनी अकरा महिन्यांनी अमेरिकेला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं : मोनिकने बरोबरीचा गोल केला, जोसलिनने शूटआउटमधला निर्णायक. पदकाने संघ परत आला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०२१ मध्ये महिला आणि पुरुष दोन्ही हॉकी संघ बंद केले. तिथे माजी खेळाडूंनी आणि गावाने पैसे उभे केले म्हणून २०२३ मध्ये संघ पुन्हा बर्फावर उतरले. आता जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलकडे जाणार हे उघड आहे, आणि हॉकी संघ सव्वीस खेळाडूंवर मर्यादित झाला आहे. शिवाय महाविद्यालयापर्यंत पोचण्याआधीची दहा वर्षं आईवडिलांच्या खिशातून जातात. एक चांगली स्टिक सुमारे तीनशे डॉलरला आणि ती मोडते. इथल्या मराठी घरांतल्या मुली टेनिस आणि पोहण्याकडे जास्त, हॉकीकडे कमी दिसतात, त्यामागे पहाटे पाचच्या सरावाइतकंच हे बिलही आहे.

म्हणून आपण घ्यायचं ते रिंक नव्हे. बर्फाचं काय होतं ते लडाखच्या मुलींना विचारा. जून २०२५ मध्ये त्यांनीच प्रामुख्याने बनलेल्या भारतीय संघाने अल ऐन इथल्या आशिया चषक स्पर्धेत कांस्य जिंकलं, भारताचं पहिलंच. लेहच्या नैसर्गिक बर्फाचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. रात्री पाणी टाकून थर चढवायचे, दुपारच्या उन्हात वरचा थर मऊ होतो म्हणून खेळ सकाळ-संध्याकाळी. देहरादूनला २०११ मध्ये मोठं रिंक बांधलं गेलं आणि विजेच्या खर्चापायी वर्षानुवर्षं बंद राहिलं. इमारत झाली, पण वापराचं वेळापत्रक झालं नाही. हे चित्र महाराष्ट्रातल्या तालुका क्रीडा संकुलांच्या कुलपांसमोर उभं राहिलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

घ्यायचं ते वेळापत्रक. खो-खोला ते सर्वांत स्वस्तात जमेल. एका जिल्ह्यातली, एसटीने दीड-दोन तासांच्या आतली आठ महाविद्यालयं घ्या. प्रत्येकाशी एकदा खेळलं तरी प्रत्येक संघाला सात सामने, एकूण अठ्ठावीस. चार संघ एका मैदानावर आणि चार दुसऱ्यावर आणले तर एका शनिवारी प्रत्येकी दोन सामने सहज होतात, सामना तासाभराचा. म्हणजे चार-पाच शनिवारांत साखळी पुरी. मैदानामागे लागतं काय? दोन खांब, फक्की, दोन पंच, एक सरपंच, वेळाधिकारी, गुणलेखक, प्रथमोपचार पेटी आणि मुलींसाठी कपडे बदलायला कडी लागणारी खोली. शेवटची गोष्ट यादीत सगळ्यात आधी लिहावी लागेल. आठापैकी सगळ्या महाविद्यालयांत पूर्ण संघ नसेल, तिथे दोघांचा मिळून एक संघ चालू द्यावा; नाहीतर तिसऱ्या शनिवारी कुणीतरी पुढे चाल देणार आणि तक्ता कोसळणार.

अडणार कुठे तेही ठाऊक आहे. पंचांचा भत्ता स्पर्धेसाठी मंजूर असतो, साखळीसाठी नाही, त्यामुळे विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाला खर्चाचं लेखाशीर्ष बदलावं लागेल. शारीरिक शिक्षण संचालकाचं पद रिकामं असलेल्या महाविद्यालयात शनिवारी कुलूप उघडणार कोण, हे नावानिशी ठरवावं लागेल. आणि सत्र परीक्षेच्या तारखा आधी हातात घेऊनच शनिवार निवडावे लागतील. विस्कॉन्सिनचा संघही डिसेंबरात परीक्षेच्या आठवड्यांत सामने ठेवत नाही.