डिस्क घ्यावी तर विसरभोळी

क्लाउडवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचा भाड्याचा संगणक, घेतलंत ना? मग डिस्क निवडताना उगाच डोकं शिणवू नका. मशीनसोबत फुकट येत असेल तीच घ्या. ॲमेझॉनवर तिला इन्स्टन्स स्टोअर म्हणतात, ॲझ्युरवर टेम्पररी डिस्क. त्याच यंत्राच्या पोटात बसलेली, त्यामुळे वेगाला तोड नाही. रीबूट केलंत तर डेटा जागेवर, स्टॉप करून पुन्हा सुरू केलंत की पाटी कोरी! ॲझ्युरवाले तर त्या डिस्कवर ‘डेटालॉस वॉर्निंग रीडमी’ नावाची फाइलच ठेवतात. मी ती कचरा समजून उडवली आणि कळंगुटच्या एका हॉटेलचं डिसेंबरचं सगळं बुकिंग तिथे मांडलं. मग शनिवारी, खर्च वाचावा म्हणून, मशीन स्टॉप केलं. सोमवारी सगळ्या खोल्या रिकाम्या. ऐन सीझनला असं भाग्य कुणाला लाभतं?

टिकाऊपणाची फारच हौस असेल तर ॲमेझॉनची जीपी3 ही डिस्क बघा. टिकाऊपणा 99.8 ते 99.9 टक्के, म्हणजे वर्षाला हजार डिस्कांत एखाद-दुसरी जाते. त्यांच्याच आयओ2 डिस्कचा आकडा 99.999, लाखात एक. पण ती महाग, आणि आपली डिस्क त्या हजारातली नव्हेच. आपण मंगेशीला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंय.

शिवाय कंपनी डेटाच्या प्रती ठेवतेच की! त्या सगळ्या एकाच झोनमध्ये, म्हणजे एकाच परिसरातल्या डेटा सेंटरांत असतात, हे मनावर घेऊ नका. तुम्ही चुकून ग्राहकांच्या नोंदींचं टेबल पुसलंत, तर ते प्रत्येक प्रतीतूनही तितक्याच तत्परतेने पुसलं जातं. सेवा म्हणतात ती हीच. मशीन टर्मिनेट, म्हणजे कायमचं रद्द करताना मूळ डिस्कही सोबत जावी म्हणून ‘डिलीट ऑन टर्मिनेशन’ची खूण बहुधा आधीच केलेली असते. ती काढणं म्हणजे यजमानाचा अपमान.

राहता राहिले स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या-त्या क्षणाच्या वेगळ्या ठेवलेल्या प्रती. पहिल्यानंतर फक्त बदललेला भागच साठवतात, त्यामुळे खर्चही बेताचा. लावायला दहा मिनिटं. पण सध्या गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीची धावपळ आहे, चवथ होऊ द्या. मग दिवाळीत नरकासुर करायचाय. डिसेंबरात सीझन, कुणाला वेळ? पुढे शिगमो, मे महिन्यात पाहुणे. आणि जूनमध्ये पाऊस लागला की वीज जाते. मेणबत्तीच्या उजेडात बॅकअपचा विषय काढणं बरं दिसत नाही.