एमए झालं ना? मग आता पीएचडीच घे!

एमएचा रिझल्ट लागला, मार्कशीटच्या झेरॉक्स काढून झाल्या, आणि आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवायच्या आत "मग, पुढे काय?" विचारतोय ना? टेन्शन घेऊ नकोस. नोकरी मिळत नाहीये असं कधी म्हणायचं नसतं, रिसर्च करणार आहे म्हणायचं. मामा तिथेच गप्प होतो, आणि आत्या ॲडमिशनच्या आधीच फॅमिली ग्रुपवर तुला डॉक्टर करून टाकते, मग एक दिवस गुडघ्याचा एक्सरे घेऊन येते तो भाग वेगळा.

पूर्वी मधे एमफिल नावाच्या छोट्या रिसर्च डिग्रीचा स्टॉप होता, तिथे उतरून माणूस जरा विचार तरी करायचा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या आयोगाच्या, 2022 च्या नियमांनी तो बंदच केला, आता गाडी थेट. उलट चार वर्षांच्या डिग्रीला 75 टक्के असतील तर एमएसुद्धा लागत नाही, म्हणजे तू दोन वर्षं उगाच घालवलीस, पण असो. त्याच नियमात लिहिलंय की कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. तीनचा आकडा नुसता वाचायचा आणि विसरून जायचं. सहाचे पुन्हा रजिस्ट्रेशन करून आठ होतात, बायकांना आणि दिव्यांगांना दहापर्यंत सवलत आहे. एवढ्या वर्षांत शेजारच्या पिंट्याचं लग्न होऊन त्याची पोरगी बालवाडीत जाते.

टॉपिकसाठी डोकं चालवायचं नाही. सीनियरने शिरूर तालुका केला असेल तर तू दौंड घे, शेवटी "एक चिकित्सक अभ्यास" लावलं की झालं. शोधगंगा नावाच्या वेबसाइटवर देशभरचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, तिथे एक डुबकी मारून ये. दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर दंड नाही, उरलेल्या नव्वद टक्क्यांत "सदर"च्या जागी "प्रस्तुत" आणि "प्रस्तुत"च्या जागी "सदर" घालत बसायचं, याला संशोधन पद्धती म्हणतात.

आता मेन मुद्दा, गाईड. एमएला गाईड म्हणजे पुस्तक, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणायचं, आदल्या रात्री उघडायचं आणि पेपर झाला की अर्ध्या किमतीत ज्युनियरला विकून टाकायचं. पीएचडीला गाईड म्हणजे माणूस. तो उघडत नाही, वाचता येत नाही आणि ज्युनियरला खपवायला गेलास तर ज्युनियर आधीच सावध झालेला असतो. नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चार विद्यार्थी, त्यामुळे कुणाची जागा रिकामी आहे तोच आपला आवडता विषय.

आमचे सर स्वभावाने देवमाणूस, भेटतातही देवासारखेच. केबिनबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची आहे, तिचा एक पाय आखूड, त्याखाली कुणाच्या तरी सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याची, घडी घातलीये. (माझी नाही, मी बघितलं.) पहिलं प्रकरण दिलं तेव्हा सर म्हणाले, "ठेवून जा, बघतो." चार महिन्यांनी परत मिळालं, वरच्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आणि आत एकच करेक्शन, "आणि" खोडून "व" केलेलं. मी आख्ख्या प्रकरणात "व" करून नेलं. पुढच्या वेळी सरांनी "व" खोडून "आणि" केलं. याला कंटाळायचं नाही, दर सहा महिन्यांचा प्रोग्रेस रिपोर्ट असतो आणि त्यावर सही त्यांचीच लागते, म्हणून त्यांच्या मुलाचा सायन्सचा प्रोजेक्ट माझ्याकडे असतो. त्याला मागच्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालं, माझं प्रकरण तिथेच.

पैशाचं म्हणशील तर जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी रिसर्च फेलोशिप, काढलीस तर 2023 पासून महिना 37,000 आहेत, दोन वर्षांनी 42,000. आहेत म्हणजे कागदावर आहेत. माझी फेलोशिप एकदा सात महिने आलीच नाही, मेसवाल्या काकू मात्र दर एक तारखेला न चुकता आल्या. जेआरएफ नसेल तर तासिका तत्त्वावर शिकव, म्हणजे ज्या प्रश्नापासून पळून आलास तो तुलाच पोरं विचारतील, सर पुढे काय.

आणि पीएचडी करून काय दिवे लावणार असं कुणी म्हटलं तर चिडू नकोस, 2023 च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीच ते विचारून झालंय, नंतर केवढा गदारोळ झाला. मी बातमी वाचली तेव्हा हॉस्टेलची लाईट गेलेली होती, मोबाईलच्या टॉर्चवर संदर्भसूची लावत होतो.

बाकी पाहुणे गप्प बसतात म्हणालो ते पहिली दोन वर्षंच हं. परवा गणपतीत मामा आले, मोदक फोडता फोडता म्हणाले, "कुठपर्यंत आलं रे?" म्हटलं तिसरं प्रकरण चालू आहे. मामांनी मोदकावर तूप ओतलं आणि शांतपणे म्हणाले, "गेल्या गणपतीतही तिसरंच होतं."