स्वयंसेवकांना आधी मोडीचं एक पान वाचायला द्या

प्रौढ साक्षरता वर्गासाठी स्वयंसेवकांचं प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी अजून एका दिवसात उरकतात. दीपप्रज्वलन, दोन भाषणं, ॲपवर नोंदणी कशी करायची ते, जेवण, प्रमाणपत्र. आणि दुसऱ्याच दिवशी त्या विशीतल्या पोरापोरींनी पन्नाशीच्या बाईच्या हातात पेन्सिल द्यायची असते. ती कशी द्यायची हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. केंद्र सरकारचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे, १५ वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्या निरक्षरांसाठी आहे, आणि तो उभा आहे मानधनाशिवाय शिकवणाऱ्यांच्या जिवावर. त्यांना निदान तीन दिवस द्या. त्यातले दोन दिवस नुसता सराव करून घ्या.

सुरुवात मोडी या जुन्या मराठी लिपीपासून करावी, कारण ती त्यांनाही वाचता येत नसते. स्वयंसेवकांना वीस मिनिटांत सहा मोडी अक्षरं शिकवायची, त्यांचे चार शब्द फळ्यावर लिहायचे आणि एकेकाला उभं करून सगळ्यांसमोर वाचायला लावायचं. वर म्हणायचं, "अहो, आत्ताच तर सांगितलं, सोपं आहे!" कुणाचे कान तापतात, कुणी हसून वेळ मारून नेतं, कुणी शेजाऱ्याचं ऐकून तेच म्हणतं. वर्गात मावश्या आणि आजोबा नेमकं हेच करणार आहेत. "सोपं आहे" हे वाक्य वर्गात का उच्चारायचं नाही, यावर मग वेगळं व्याख्यान लागत नाही.

अक्षराआधी डोळे. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, आणि वही हातभर लांब धरणारी बाई "मला नाही जमत" म्हणते तेव्हा बऱ्याचदा अडचण बुद्धीची नसते, चष्म्याची असते. पहिल्याच दिवशी विचारा: सुईत दोरा ओवता येतो का? तांदळातले खडे दिसतात का? नाही म्हणाल्या तर आधी डोळे तपासायला पाठवा. एवढं विचारायचं राहून गेल्यामुळे माणसं तिसऱ्या आठवड्यात वर्गाला येईनाशी होतात, आणि नोंदवहीत शेरा पडतो "अनुत्साही". याचा मला खरोखर राग येतो.

मग हात. खुरपं, विळा धरणारी मूठ पेन्सिलही तितकीच आवळून धरते. टोक मोडतं, कागद फाटतो, मनगट दुखतं. पहिले आठ-दहा दिवस पाटी आणि खडू, किंवा परातीत पसरलेलं पीठ आणि बोट. वही रुंद ओळींची घ्या. हात धरून गिरवून घ्यायची वेळ आली तर आधी विचारा, "मावशी, हात धरू का?" आणि "वाच" नको, "वाचा" म्हणा. लाल पेन तर घरीच ठेवा.

आता मुख्य गोष्ट. "अ अननसाचा" पासून सुरुवात करू नका. बाराखडी पाठ होते, वाचन येत नाही. रोजच्या बोलण्यातले शब्द घ्या: काम, पगार, बस, घर. यात आठ अक्षरं आणि एक काना आहे. तेवढ्यातून मका, गरम, बाग, घास, घागर असे नवे शब्द त्यांना स्वतः जुळवता येतात. न शिकवलेला "घागर" पहिल्यांदा वाचता येतो तो दिवस त्या वर्गाचा खरा पहिला दिवस.

काना झाला की दुसरी वेलांटी घ्या: पाणी, वीज, भाजी, गाडी. पहिली वेलांटी बरीच नंतर, कारण ती लिहितात अक्षराच्या आधी आणि उच्चारतात नंतर, तिथे नवशिका हमखास गोंधळतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य एकाच आठवड्यात आणू नका. नावातलं जोडाक्षर मात्र याला अपवाद. "लक्ष्मी"ला क्ष शिकेपर्यंत स्वतःच्या नावासाठी थांबवून ठेवणं बरं नव्हे, ते नाव चित्रासारखं आधीच येऊ द्या. पण नुसती सही आली म्हणजे साक्षर झाली असं धरू नका. न वाचता अंगठा दिला काय आणि न वाचता सही केली काय, फसवणूक तीच.

सगळ्यांनी एका सुरात म्हणणं फार फसवं असतं. चार जणी वाचतात, बाकीच्या अर्ध्या मात्रेने मागून म्हणतात. चित्र हाताने झाका, शब्द उलट क्रमाने विचारा, लगेच कळतं.

हिशेबाचं वेगळं आहे. भाजीवाल्या मावशींना सुटे पैसे किती द्यायचे हे शिकवू नका, त्या तुम्हाला शिकवतील. अडतं ते लिहिण्यात. "पंचवीस" म्हणताना पाच आधी येतो, म्हणून त्या ५२ लिहितात. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचा असतो २. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी मांडून हे समोर दाखवा. आकडे देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही लागतात, कारण फोनवर इंग्रजी असतात. पण देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ सारखेच दिसतात, तेव्हा मध्ये महिनाभर जाऊ द्या.

इंग्रजीची मागणी होतेच, ती टाळू नका. मराठी वाचन बसल्यावर आधी मोठी अक्षरं, त्यातही आधार कार्डावरचं स्वतःचं नाव. नंतर पाट्या आणि औषधाच्या पाकिटावरची मुदत.

मूलभूत साक्षरतेला राष्ट्रीय साक्षरता मिशनपासून साधारण २०० तास धरतात. आठवड्याला चार दिवस, रोज दीड तास म्हटलं तर आठ महिने होतात. त्यात सोयाबीन काढणी आहे, लग्नसराई आहे, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. गैरहजेरी गृहीत धरूनच आखणी करा आणि परत येणाऱ्याला बसवायला तीन-चार जणांचा लहान गट ठेवा. उल्लासची परीक्षा १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. नमुना प्रश्नपत्रिका पाचव्या महिन्यातच हातात द्या. उत्तरं येत असूनही नुसत्या छापील चौकटी बघून लोक गांगरतात.

प्रशिक्षण तिसऱ्या दिवशी संपवू नका. नवा स्वयंसेवक पाचव्या-सहाव्या आठवड्यात खचतो, कारण तेव्हा वर्गाची हजेरी अर्ध्यावर आलेली असते आणि त्याला वाटतं चूक आपलीच. दर पंधरा दिवसांनी तासभर बैठक घ्या. हजेरीपटात एक रकाना वाढवा: आज कोणतं अक्षर अडलं. बैठकीत तो रकाना वाचा. "ध" कुणाकुणाच्या वर्गात अडला आणि कुणी कसा सोडवला, यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.