कपाळावरची राख पुसू नका

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो आणि चर्चमध्ये कपाळाला राख लावतात त्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाण्याची चूक करू नका. संध्याकाळी राख लावलीत तर बघणार कोण? घरची माणसं. ती तुम्हाला पुरती ओळखून आहेत. पहाटेची मिस्सा गाठा आणि तशाच कपाळाने वसई रोडला चर्चगेट लोकल पकडा. डब्यात कुणीतरी विचारणारच, "कपाळाला काय लागलंय?" तेव्हा आवाज थोडा खोल नेऊन म्हणायचं, "उपवासकाळ सुरू झाला." घाम आला तरी रुमाल खिशातच राहू द्या. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख, फार चिकटत नाही हो.

त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे मिस्सातलं बायबलचं वाचन, मात्र जरा अडचणीचं. दरवर्षी तेच, मत्तयाचा सहावा अध्याय: उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. आणि त्यानंतर थोड्याच वेळात कपाळावर राख! सुदैवाने मध्ये प्रवचन असतं. तेवढ्यात मोबाईलचा कॅमेरा पुसून घ्यावा.

उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. इथे देवाने आपल्या किनाऱ्यावर विशेष कृपा केलेली आहे, कारण मासे मांसात मोडत नाहीत. तेव्हा भरलेलं पापलेट, कोळंबीचं कालवण, जोडीला तळलेले बोंबील, आणि पहिल्या घासाआधी एक सुस्कारा: "आज मटण नाही." बाजारात कोळणीशी कसून घासाघीस करा. वाचलेले पैसे रविवारी दानपेटीत टाका, म्हणजे दान तिच्या कनवटीचं आणि पुण्य तुमचं.

दारू सोडल्याचं सगळ्या आळीला सांगा. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजाल तर 46 दिवस भरतात. 40 म्हणतात, कारण मधले 6 रविवार धरत नाहीत. पुढचं मी सांगायला नको.

खरं कौशल्य लागतं ते शांतीच्या अभिवादनाला, म्हणजे मिस्सात आजूबाजूच्यांना शांती द्यायची असते तेव्हा. वाडीच्या वाटणीवरून ज्या भावाशी तुमचा दावा चालू आहे, तो नेमका तीन बाकं पुढे बसलेला असतो. हस्तांदोलन करायची पद्धत असती तर पंचाईत होती. आपल्याकडे नमस्कार चालतो. डावीकडे एक, उजवीकडे एक, मागच्या म्हाताऱ्या बाईंना जरा वाकून एक. पुढे वळेपर्यंत गायकवृंद सुरू झालेला असतो. भाऊ वळून बघत असेल तर तुम्ही डोळे मिटून घ्या, भक्तीत कुणी व्यत्यय आणत नाही. वेदीजवळ अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे खरं. पण ऐन अर्पणाच्या वेळी उठून बाहेर गेलात तर लोक काय म्हणतील? शिवाय तो आत बसलाय, तुम्ही बाहेर जाऊन करणार काय?

आईच्या स्मृतिदिनाला तुम्ही सकाळी 6 ची मिस्सा सांगा. भाऊ 8 ची सांगेल. हयात असताना जी एका मुलाकडून दुसऱ्याकडे पिशवी घेऊन फिरत होती, तिच्यासाठी आता एका सकाळी दोनदा प्रार्थना होते, हे काय कमी आहे? विहिरीजवळची ती आंब्याची दोन झाडं कुणाच्या हिश्श्यात, हे ठरेपर्यंत असंच चालू द्या.

आणि तिच्या नावाने चर्चला एक बाक द्या. पाठीवर पितळी पट्टी: "कै. आईच्या स्मरणार्थ", खाली तुमचं नाव, मग बायकोचं, मुलांचं. भावाचं नाव घालायला पट्टीवर जागा उरत नाही, त्याला तुमचा इलाज नाही. पुढच्या वर्षी तोही एक बाक देईल. सुतार एकच असला तरी बिघडत नाही, माप तेवढं आधी विचारून ठेवा. त्याच्यापेक्षा आपलं अर्धा फूट लांब हवं.