पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोचतं?

मुंबई–न्यूयॉर्क विमानाबद्दलचा एक मेसेज दर काही महिन्यांनी ग्रुपवर उगवतोच. म्हणणं असं: न्यूयॉर्कला जायला साधारण १६ तास लागतात आणि परत यायला त्याहून कमी, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि येताना विमानाला तिची साथ मिळते. पुढे शेपूट: हेलिकॉप्टर नुसतं वर नेऊन थांबवलं, तर अमेरिका आपोआप खाली येईल, तेलाचा धंदा बुडेल म्हणून कुणी तसं करत नाही. वर पुरावा काय, तर रात्री दीडला निघालेलं विमान सकाळी सातला तिथे उतरतं, म्हणजे खरे तास साडेपाचच!

घड्याळाचं आधी उरकून टाकू. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. साडेपाचात साडेदहा मिळवा, झाले १६.

आता ती 'साथ'. अमेरिका खालून आपल्याकडे सरकत येत असेल, तर पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं. मेसेजच म्हणतो, ते उशिरा पोचतं. एकाच मेसेजात दोन्ही कसं चालेल?

हेलिकॉप्टरची गंमत तर लग्नातल्या ड्रोनवरच तपासता येते. पुण्याच्या अक्षांशावर जमीन मिनिटाला सुमारे २६ किलोमीटर पूर्वेला सरकते. वरात टिपायला ड्रोन पाच मिनिटं वर थांबला, तर तो अलिबाग ओलांडून समुद्रात पडायला हवा. पडत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि ड्रोन, हेलिकॉप्टर, विमान सगळे त्या हवेतच असतात. नाहीतर ताशी ८००–९०० किलोमीटरने उडणाऱ्या मुंबई–नागपूर विमानाला ताशी १,५००हून अधिक वेगाने पुढे पळणारं नागपूर कधी सापडलंच नसतं.

मग जाण्यायेण्यात फरक का? वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानांच्याच पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो. हिवाळ्यात त्याचा जोर ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता, पण निष्कर्ष छापले एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, त्यामुळे फारसे कुणी वाचलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बर विमानांना तो समोरून आडवा आला, तेव्हा कळलं. फेब्रुवारी २०२०मध्ये याच वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी सहा-सात तास लागतात. हा वारा पूर्वेकडे वळण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, हे मात्र कबूल. मेसेजात खरं असलंच तर तेवढंच.

आणि 'अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त' हेही दर वेळी खरं नाही. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६पासून ते पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटरची झाली, वारा पाठीशी आला आणि प्रवास सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला.