अझुलेजोचं नाव निळ्या रंगावरून पडलेलं नाही

पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामधल्या फरश्यांचा फोटो लावून एक मजकूर फिरतोय: ‘पोर्तुगीजमध्ये अझुल म्हणजे निळा, म्हणून या निळ्या फरशीला अझुलेजो म्हणतात. चिनी मातीची ही कला पोर्तुगीजांनी शोधली.’ दोन वाक्यांत तीन चुका, आणि त्या गोव्याच्या नावावर खपताहेत याचं मला वाईट वाटतं.

आधी नाव. अझुलेजो मूळचा अरबी. ‘झुलैज’ म्हणजे झिलई दिलेली फरशी. त्याला आधी ‘अल्’ जोडला की उच्चार होतो ‘अझ्-झुलैज’. स्पेन-पोर्तुगालात अरबी राजवटी होत्या, तिथे तो रुळला. मोरोक्कोत रंगीत तुकडे जुळवून सजवलेल्या भिंतीला आजही झेलीज म्हणतात. ‘अझुल’चं कूळ निराळं: फारसी लाजवर्द, म्हणजे आपल्या रसशास्त्रातला राजावर्त, तो निळा खडा. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, एवढंच.

शोधाचं म्हणाल, तर पोर्तुगालमधला सिंत्राचा राजवाडा बघा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, अल्बुकर्कने गोवा घेतला त्याच सुमारास, राजा मानुएलने तिथल्या भिंतींसाठी फरश्या मागवल्या त्या स्पेनमधल्या सेव्हिलहून. त्यांत हिरवा, तपकिरी, पांढरा, निळा असे सगळे रंग. पुढच्या शतकात पोर्तुगालच्या चर्चमध्ये गालिच्यासारखे नमुने चढले, त्यांत निळ्याच्या जोडीला पिवळा होता. निव्वळ निळं-पांढरं आलं सतराव्या शतकाच्या अखेरीस, चिनी भांड्यांच्या आणि डच फरश्यांच्या प्रभावाने. अख्खी भिंत एका चित्रप्रसंगाने भरून टाकणं मात्र पोर्तुगीजांनी जसं केलं तसं क्वचितच कुणी केलं. ते श्रेय त्यांना जरूर द्यावं.

आणि चिनी माती? टवका उडालेली फरशी कडेने बघा. पांढरा थर जेमतेम नखाच्या जाडीएवढा, खाली पिवळट-तांबूस साधी भाजकी माती. चिनी मातीचं भांडं फुटलं तर आतूनही पांढरंच निघतं. इथला पांढरेपणा झिलईत मिसळलेल्या कथिलाच्या भस्माचा. एकदा भाजलेल्या फरशीवर ही झिलई चढवतात, ती वाळून पिठूळ होते आणि तिच्यावर कुंचला चालतो. टेकवला की रंग शोषलाच, रेघ पुसता येत नाही. वर कोबाल्टचा रंग त्या वेळी काळपट असतो; दुसऱ्या भाजणीतून फरशी बाहेर येईपर्यंत रंगवणाऱ्यालाही तो निळा दिसत नाही.