‘कॉलेजचं पत्र पुरे’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर: रानपिंगळ्यावर संशोधन करायला परवाना लागतो

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेज ग्रुपांवर सध्या रानपिंगळ्याबद्दल, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाबद्दल, एक मेसेज फिरतोय. भाचीच्या एमएस्सी झूलॉजीच्या ग्रुपवरही तो आला आणि तिच्या वर्गातली मुलं त्याच्या भरवशावर तोरणमाळला निघायच्या बेतात आहेत, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. मेसेज थोडक्यात असा: ‘रानपिंगळ्यावर प्रोजेक्टला परवाना लागत नाही, तो फक्त शिकाऱ्यांना लागतो. प्राचार्यांच्या सहीचं पत्र पुरे. तोरणमाळ अभयारण्य नाही, तिथे कायदा लागत नाही. मोबाईलवर आवाज लावा, पक्षी स्वतः ढोली दाखवतो. काठीला फोन बांधून आतला फोटो घ्या. खाली पडलेली पिसं, अंड्यांची टरफलं उचला आणि डीएनएसाठी परदेशी लॅबला पाठवा. परवाना मागत बसलात तर डिग्री संपेल.’

आधी आवाजाचं आणि काठीचं बोलू, कारण बाकीच्या चुकांनी माणूस अडचणीत येईल, या चुकीने पक्षी जाईल.

रानपिंगळा दिवसाउजेडी वावरतो. वीण साधारण ऑक्टोबर ते मे. जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जमण्याचा भर असतो आणि नेमका तेव्हाच तो रेकॉर्ड केलेल्या आवाजाला सर्वांत जोराने उत्तर देतो. त्याच्या लेखी आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलेला असतो. मग तो हातातली शिकार सोडून त्याला हुसकायला येतो, ओरडत राहतो, ढोलीभोवती फिरतो. अंड्यांवर बसलेल्या मादीला खाऊ घालणारा तोच असतो. सकाळी एका ग्रुपने दहा मिनिटं आवाज लावला, दुपारी दुसऱ्याने, तर त्या दिवशी मादीच्या तोंडी काय पडणार? माहितगार संशोधक परवाना हाती असतानाही काही सेकंद आवाज लावतात, दोन-तीन मिनिटं थांबून ऐकतात, उत्तर आलं की बंद करतात. एका जागी पुन्हा लावत नाहीत आणि माहीत असलेल्या ढोलीजवळ तर मुळीच नाही.

ढोली असते पाच ते आठ मीटरवर, अंडी बहुधा दोन. काठी ढोलीच्या तोंडाशी गेली की मादी उडते आणि अंडी उघडी पडतात. त्यातलं एक जरी गेलं तरी जोडीचा अर्धा हंगाम गेला. त्यावर फोटो ग्रुपवर टाकायचा, तोही लोकेशनसकट! घुबडं जादूटोण्यासाठी पकडून विकली जातात, हे झूलॉजीच्या विद्यार्थ्याला सांगावं लागू नये.

शिवाय हे सगळं केलं तरी समोर आलेला पक्षी साधा ठिपकेवाला पिंगळाही असू शकतो. रानपिंगळ्याचा माथा आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची असते, पंख-शेपटीवर ठळक रुंद पट्टे आणि पोटाचा खालचा भाग पांढरा. हे दुर्बिणीतून ओळखता येत नसेल तर प्रोजेक्टचा विषय बदला.

आता ‘परवाना फक्त शिकाऱ्यांना’. इथे कायदाच उघडून दाखवतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, कलम २(१६): शिकारीच्या व्याख्येत मारणं तर आहेच, पण पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, हाकणं, शरीराचा कोणताही भाग घेणं आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्याला बाधा आणणं हेही आहे. तसा नुसता प्रयत्नही त्यात येतो. म्हणजे जाळ्यात धरून पायात ओळखीची रिंग घालणं, रक्ताचा थेंब घेणं, ढोलीत फोन घालणं, सगळं त्यातच. संशोधकाला यातून सूट कलम १२ देतं: वैज्ञानिक संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांनी कारणं नमूद करून दिलेला लेखी परवाना. रानपिंगळा अनुसूची १ मध्ये, म्हणजे कायद्याच्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, म्हणून त्याआधी केंद्र सरकारची परवानगी हवी. प्राचार्यांचं पत्र हा त्या अर्जाला जोडायचा एक कागद आहे. परवान्याविना सापडलात तर अनुसूची १ साठी शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने २०१८ मध्ये या पक्ष्याला ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं, म्हणून कायदा सैल झाला असंही कुणी सांगेल. आययूसीएनची यादी वेगळी, कायद्याची अनुसूची वेगळी.

‘अभयारण्याबाहेर कायदा नाही’ हे धादांत खोटं. शिकारबंदी देशभर आहे, तुमच्या शेताच्या बांधावरही. यावलसारख्या अभयारण्यात कलम २८ ची प्रवेश परवानगी वेगळी लागते, एवढाच फरक. तोरणमाळ-तळोद्याकडच्या राखीव जंगलात शिरायलाही वनखात्याची संमती लागतेच.

पिसं आणि टरफलं: पीस, अंडी, घरटं यांची नावं कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. जमिनीवर पडलेली असली तरी ती सरकारची मालमत्ता. परवान्याच्या अर्जात तीही लिहा, आणि परवाना मिळाला की मगच उचला.

परदेशी लॅबचा सल्ला कुणी दिला कोण जाणे. रानपिंगळा साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये आहे, त्यामुळे दोन्ही देशांचे परवाने लागतात, आणि जैवविविधता अधिनियम, २००२ खालची मंजुरी वेगळी. या पक्ष्याच्या नमुन्यांचा इतिहास तरी वाचायचा. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून नमुने गोळा केले. त्यातला एक रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाने लंडनच्या संग्रहालयातून चोरला आणि आपण १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला मिळवला अशी खोटी चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठीवर विसंबून पुढच्या शोधमोहिमा फसल्या. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती लबाडी बाजूला सारली, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी पुन्हा दिसला, १८८४ नंतर ११३ वर्षांनी. नमुना कुठला, कधीचा, कुणाच्या परवानगीने घेतला, ही नोंद म्हणूनच लागते.

आणि उशीर? होतो, नाकारत नाही. नागपूर (मुख्य वन्यजीव रक्षक) आणि दिल्ली (केंद्र सरकार), दोन्हीकडून फाईल फिरते, महिने जातात. पण कित्येक अर्ज अर्जदाराच्याच चुकीने परत येतात. जागा ‘सातपुडा परिसर’ एवढीच लिहिलेली असते. वनखात्याची रेंज, बीट, कक्ष क्रमांक हवा. पक्ष्यांची संख्या ‘आवश्यकतेनुसार’ चालत नाही, आकडा द्या. रक्त घ्यायचं तर किती मायक्रोलीटर, पंखाच्या कोणत्या शिरेतून, घेणारा कोण, त्याचा अनुभव काय. माग काढायला टॅग लावायचा तर त्याचं वजन. पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. नमुने कुठे ठेवणार, कोणती लॅब तपासणार, टीममधल्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र. जानेवारीत काम करायचं तर अर्ज आदल्या उन्हाळ्यात जायला हवा. परवाना आल्यावरही उपवनसंरक्षक आणि वनक्षेत्रपालांना कळवूनच जंगलात जायचं, प्रत खिशात ठेवायची, मुदत संपायच्या आत नूतनीकरण मागायचं.

एका सत्राच्या प्रोजेक्टला एवढा वेळ नसेल, तर न पकडता, न बोलावता करण्यासारखं पुष्कळ आहे. वनक्षेत्रपालांची लेखी संमती घ्या आणि वाटेवरून दुर्बिणीने पाहा. पक्षी कोणत्या झाडावर, किती उंचीवर बसतो, किती वेळ बसतो, सरडा आणतो की सापसुरळी, हे दर पाच मिनिटांनी टिपा. ढोली दिसली तर मागे सरका, आणि तिचं लोकेशन वनखात्याशिवाय कुणालाही देऊ नका. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर लॅबमध्ये नेऊ नका, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.